दारापुढच्या तीन पायऱ्या

२८ जून २०२४ च्या पहाटे दिल्लीत जो पाऊस कोसळला, तो येथे राहणाऱ्या मंडळींच्या चांगला लक्षात असेल. सफदरजंगच्या वेधशाळेत चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जून महिन्यात एका दिवसात एवढा पाऊस १९३६ नंतर पडलेला नव्हता. यमुनेपलीकडच्या आमच्या वसाहतीत सकाळी सहाच्या सुमारास गल्लीतून पोटरीभर पाणी वाहत होते. आमच्या समोरच्या घरात एक वृद्ध बाई राहतात. सगळी गल्ली त्यांना माताजी म्हणते. त्यांच्या तळमजल्यात पाणी शिरले, म्हणून आम्ही तिघे-चौघे शेजारी धावलो. गाद्या, धान्याचे डबे, शिवणयंत्र असे जे हाती लागले ते जिन्यावर नेऊन ठेवले. पाणी ओसरल्यावर माताजी दारात खुर्ची टाकून बसल्या आणि मला म्हणाल्या, "बेटा, हे घर बांधलं तेव्हा दारापुढे तीन पायऱ्या होत्या. तू सरकारी साहेब होतास ना? मग सांग, त्या पायऱ्या गेल्या कुठे?"

प्रश्न साधा होता, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. पुढच्या रविवारी मी मोजपट्टी घेऊन गेलो. घराचे काम १९८४ सालचे. माताजींच्या सांगण्याप्रमाणे तीन पायऱ्या, म्हणजे प्रत्येकी साधारण पंधरा सेंटिमीटर धरल्या तर घराचे जोते रस्त्यापासून पंचेचाळीस सेंटिमीटर उंच होते. आज तो फरक जेमतेम पाच सेंटिमीटर उरला आहे. घर खचलेले नाही. भिंतींना कुठे तडा नाही. अर्थात रस्ता वर आला आहे. चाळीस वर्षांत चार वेळा डांबराचा नवा थर पडला, तो प्रत्येकी पाच सेंटिमीटरचा धरू. त्यावर पुढे वीस सेंटिमीटर जाडीचे सिमेंट काँक्रीट ओतले गेले. बेरीज चाळीस सेंटिमीटर होते. पायऱ्या कोणी चोरल्या नाहीत. शासनाने रीतसर निविदा काढून, मोजमाप पुस्तिकेत नोंद करून आणि देयके अदा करून त्या बुडवल्या.

या तीन पायऱ्यांचा इतिहास हा दिल्लीच्या स्थानिक प्रशासनाचाही इतिहास आहे. तो सांगण्यापूर्वी थोडे दूरच्या थंड मुलखात जाऊन यावे लागेल, कारण या विषयातला मूळ धडा मला तेथे मिळाला.

थंड देशातील धडा

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे कॅनडात टोरोंटोजवळ मिसिसागा येथे राहतात. आपले अनेक वाचक अमेरिकेत वा कॅनडात असल्याने त्यांना ड्राइव्हवे म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो : रस्त्यापासून घराच्या गॅरेजपर्यंत जाणारा गाडीपुरता फरसबंद पट्टा. मी गेलो त्या वर्षी मेहुण्यांनी तो उखडून नव्याने करायला घेतला होता. जुना पट्टा ठिकठिकाणी उचलला गेला होता आणि त्याला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्या होत्या. नोकरीत रस्त्यांच्या कितीतरी फायली पाहिलेला मी कुतूहलाने रोज सकाळी त्या कामावर जाऊन उभा राहत असे.

पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. भेगेत शिरलेले पाणी रात्री गोठते आणि भेग रुंदावते. दिवसा ते वितळते आणि अधिक खोल उतरते. रात्री पुन्हा गोठते. हिवाळ्याच्या एका मोसमात पारा शून्याच्या वर-खाली कितीतरी वेळा होतो, आणि दर वेळी ही पाचर थोडी आत ठोकली जाते. याहून मोठे नुकसान पृष्ठभागाखाली होते. बारीक गाळाची माती खालचे पाणी केशाकर्षणाने वर ओढते. ते पाणी गोठणाऱ्या थरापाशी साचून बर्फाच्या चकत्या तयार होतात आणि सगळी फरसबंदी वर उचलली जाते. वसंतात बर्फ वितळला की खाली चिखल उरतो. त्यावरून गाडी गेली की फरसबंदी खचते. असे होण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : शून्याखालचे तापमान, पाणी आणि पाणी ओढणारी माती. तापमान कोणाच्या हाती नाही. म्हणून तेथील कारागीर उरलेल्या दोन गोष्टींचा बंदोबस्त करतात.

त्या भागात जमीन साधारण सव्वा मीटर खोलीपर्यंत गोठू शकते. तेवढे खोदणे ड्राइव्हवेसाठी परवडत नाही. त्याऐवजी वरची माती काढून तेथे फोडलेल्या खडीचा पाया भरतात, थर देऊन यंत्राने धुम्मस करतात, आणि मग वर डांबर, काँक्रीट किंवा ठोकळे घालतात. खडीत पाणी थांबत नाही, म्हणून बर्फाला जागा मिळत नाही. पृष्ठभागाला शेकडा दोन या प्रमाणात उतार देतात, आणि तो घराकडून रस्त्याकडे असतो. काँक्रीट असेल तर त्यात मुद्दाम सूक्ष्म हवेचे बुडबुडे राखतात. गोठणाऱ्या पाण्याला पसरायला त्या बुडबुड्यांत वाव मिळतो. ही युक्ती अमेरिकेत १९३० च्या दशकात लक्षात आली. दुरुस्तीचाही ठरलेला मोसम आहे. हिवाळ्यापूर्वी भेगा साफ करून भरायच्या. पाया बिघडला असेल तर वरून थर न देता तेवढा भाग खालपर्यंत काढून पुन्हा भरायचा. मेहुणे मला म्हणाले, "दादा, इथे वरवरची मलमपट्टी एक हिवाळासुद्धा टिकत नाही. त्यामुळे कोणी करतच नाही."

प्रशासनाच्या दृष्टीने मला दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटली. कामाच्या आधी मेहुण्यांनी नगरपालिकेकडे जाऊन हद्द तपासली होती. त्यांच्या ड्राइव्हवेचा रस्त्याकडील काही मीटरचा भाग त्यांच्या मालकीचा नाही. तो रस्त्याच्या हद्दीत, म्हणजे नगरपालिकेच्या जमिनीवर येतो. त्या भागाची रुंदी किती असावी, पदपथ कसा ओलांडावा, कडेचा दगड किती कापावा, हे सारे नगरपालिका ठरवते. घरमालकाने तेथे परवानगीवाचून हात लावायचा नाही, आणि नगरपालिकेनेही रस्त्याचे काम करताना तो तुकडा होता तसा करून द्यायचा. खासगी आणि सार्वजनिक यांच्या सीमेवरचा हा छोटा तुकडा. त्याला तेथे मालक आहे, मोजमाप आहे आणि नियम आहे.

दिल्लीला हिम नाही, पण पाणी आहे

दिल्लीत पाणी जमिनीत गोठत नाही. सफदरजंगचे आजवरचे नीचांकी तापमान १६ जानेवारी १९३५ चे, उणे ०.६ अंश. १ जानेवारी २०२१ ला पारा १.१ अंशापर्यंत उतरला, तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. याउलट २९ मे २०२४ ला तेथेच ४६.८ अंश तापमान होते. तेव्हा हिमाच्या पाचरीचा येथे प्रश्न नाही. परंतु उरलेल्या दोन गोष्टी दिल्लीत पुरेपूर आहेत. यमुनेकाठची माती बारीक गाळाची आहे, आणि पाणी तीन महिन्यांत एकदम येते. भिजलेल्या गाळाची धारणशक्ती निम्म्याहून खाली येऊ शकते. डांबराच्या खडीवर पाणी साचून राहिले की डांबर खडीपासून सुटू लागते. वरून ट्रॅक्टर-ट्रॉली आणि पाण्याचे टँकर जातात आणि खड्डा पडतो.

फरक एवढाच की थंड देशात चुकीची शिक्षा पहिल्याच वसंतात मिळते, आणि दिल्लीत ती तीन-चार पावसाळ्यांनी मिळते. तोवर ठेकेदाराची जबाबदारीची मुदत संपलेली असते, अधिकाऱ्याची बदली झालेली असते आणि नगरसेवकाची निवडणूक होऊन गेलेली असते. शिक्षा उशिरा मिळू लागली की चूक करणाऱ्याला ती चूक वाटेनाशी होते. येथे वरवरचा थर टिकल्यासारखा दिसतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा दिला जातो.

जयकरांपासून नागपूरपर्यंत

आता इतिहासाकडे वळू. भारतातील रस्त्यांच्या आधुनिक प्रशासनाची सुरुवात एका मराठी माणसाच्या नावाशी जोडलेली आहे, हे दिल्लीतल्या मराठी मंडळींनाही फारसे ठाऊक नसते. मुंबईचे नामवंत कायदेपंडित, पुढे १९४८ साली पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले मुकुंदराव जयकर हे १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९२८ मध्ये आला. तिचा मुख्य निष्कर्ष असा होता की, रस्त्यांचा विकास हा प्रांतिक सरकारे आणि स्थानिक संस्था यांच्या आर्थिक ताकदीबाहेर गेला असून तो आता राष्ट्रीय हिताचा विषय झाला आहे. त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवावा, त्यातून स्वतंत्र निधी उभारावा, रस्तेबांधणीचे ज्ञान एकत्र करणारी एक संस्था स्थापावी आणि संशोधनाची सोय करावी, अशा तिच्या शिफारसी होत्या.

या शिफारसी दप्तरात पडून राहिल्या नाहीत, हे विशेष. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. देशातील रस्त्यांची मानके आजही हीच संस्था ठरवते. १९५२ साली दिल्लीत मथुरा रोडवर केंद्रीय रस्ते संशोधन संस्था सुरू झाली. एका समितीच्या अहवालातून निधी, मानके आणि संशोधन अशा तिन्ही गोष्टी उभ्या राहिल्या. आपल्या प्रशासनाच्या इतिहासात अशी उदाहरणे फार नाहीत.

दुसरा टप्पा नागपूरचा. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, सर्व प्रांतांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली. नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. या परिषदेत वीस वर्षांची जी योजना ठरली तिला नागपूर योजना म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि गावरस्ते अशी रस्त्यांची वर्गवारी येथे पक्की झाली, आणि प्रत्येक वर्गाची जबाबदारी कोणाची हेही ठरत गेले. आज आपण सहजपणे 'एनएच' किंवा 'एसएच' म्हणतो, ती भाषा नागपूरची आहे. पुढे १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा आला. गावरस्त्यांना खरा हात मिळण्यासाठी मात्र डिसेंबर २००० मधील प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेची वाट पाहावी लागली.

या सगळ्या उतरंडीत शहराची गल्ली कोठे आहे? ती नाही. जयकर समितीने रस्त्यांना स्थानिक संस्थांच्या दारिद्र्यातून बाहेर काढले, ते योग्यच केले. पण जो रस्ता स्वभावतःच स्थानिक होता, तो त्या दारिद्र्यातच राहिला. १९९३ साली ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली, तेव्हा बाराव्या अनुसूचीत 'रस्ते व पूल' हा विषय नगरपालिकांना दिला गेला. पेट्रोलवरच्या करासारखा हक्काचा पैसा काही त्याबरोबर आला नाही. परिणामी गल्लीचा रस्ता होतो तो बहुधा कोणाच्या तरी निधीतून : खासदार निधी, आमदार निधी, नगरसेवक निधी. असा निधी एका वर्षात, एका कामावर आणि दिसेल असाच खर्च करायचा असतो. नवा काळाभोर थर दिसतो. खाली भरलेली खडी आणि साफ केलेली नाली दिसत नाही.

दिल्लीच्या गल्लीचे मालक

दिल्लीत या दुखण्यात आणखी एक भर पडली आहे. नवी दिल्ली वसवण्यासाठी १९१३ मध्ये जी समिती नेमली तिच्यातून आजची नवी दिल्ली नगरपालिका परिषद वाढली. लुटियन्सच्या भागातले रस्ते, पदपथ, झाडे आणि नाल्या एकाच आराखड्यात आणि एकाच हाताखाली होत्या. तेथील बंगल्यांच्या प्रवेशमार्गांकडे आजही पाहावे. पदपथ आणि फाटक यांची उंची जुळलेली दिसते. उरलेल्या दिल्लीसाठी १९३७ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण आणि १९५८ मध्ये महानगरपालिका आली. वसाहत आखायची प्राधिकरणाने, रस्ते सांभाळायचे महापालिकेने. २०१२ साली महापालिकेचे तीन तुकडे झाले आणि त्याच सुमारास साठ फुटांहून रुंद रस्ते राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे गेले. २०२२ मध्ये महापालिका पुन्हा एक झाली, पण रस्ते विभागलेलेच राहिले. आता आमच्या गल्लीतले पाणी महापालिकेच्या नालीतून निघते, बांधकाम विभागाच्या मोठ्या नाल्याला मिळते आणि तेथून पूरनियंत्रण विभागाच्या नाल्यातून यमुनेकडे जाते. पाण्याला खाते कळत नाही, उतार तेवढा कळतो. तीन खात्यांच्या तळपातळ्या जुळल्या नाहीत तर पाणी जेथे सखल जागा मिळेल तेथे थांबते. आमच्या गल्लीत ती जागा म्हणजे माताजींचे अंगण. शहराच्या सांडपावसाचा बृहत् आराखडा १९७६ साली झाला, आणि पुढची कित्येक दशके वाढत्या दिल्लीने त्याच आराखड्यावर काढली.

कायदा मात्र गप्प नव्हता. दिल्ली महानगरपालिका अधिनियम १९५७ चे कलम ३२० सांगते की, आयुक्तांच्या परवानगीशिवाय कोणीही रस्त्यावर किंवा रस्त्यातील नालीवर भिंत, कुंपण, खांब, पायरी वा अन्य बांधकाम करून अडथळा अथवा अतिक्रमण करू नये. मुंबईत काम केलेल्या अधिकाऱ्याला हे शब्द ओळखीचे वाटतील. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातील कलम ३१२ जवळजवळ याच शब्दांत बोलते. त्यातही 'पायरी' आहे. म्हणजे दारापुढची पायरी रस्त्यात येऊ नये याची काळजी आपल्या कायद्याने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी घेतली होती. रस्ताच पायरीवर आला तर काय करायचे, याबद्दल मात्र कोणत्याही कायद्यात मला शब्द सापडला नाही.

पायरीचा उतार झाला

१४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावच्या कारखान्यातून पहिल्या मारुती ८०० गाड्यांच्या किल्ल्या ग्राहकांच्या हाती दिल्या गेल्या. तोवर दिल्लीच्या मध्यमवर्गीय घराला स्कूटरपुरते फाटक आणि दोन-तीन पायऱ्या पुरत असत. गाडी आली तशी पायरीशेजारी उतार आला, ज्याला येथे सगळे रॅम्प म्हणतात. गाडी फाटकाच्या आत घ्यायची तर उतार आत हवा, पण आतली जागा मोलाची; म्हणून तो बाहेर, नालीवर आणि पदपथावर आला. पुढे २००७ मध्ये मंजूर झालेल्या दिल्लीच्या बृहत् आराखड्यानंतर खांबांवर घर उचलून खाली गाड्या ठेवण्याची पद्धत रूढ झाली, आणि एकेका भूखंडापुढे चार-चार गाड्यांचे उतार दिसू लागले.

या उताराची कृती दिल्लीत ठरलेली आहे. राजमिस्त्री येतो, पाडलेल्या घराचा मलबा पसरतो, त्यावर रोडी, बदरपूर आणि सिमेंटचा चार बोटे थर देतो आणि वर चाके घसरू नयेत म्हणून काठीने आडव्या रेघा ओढतो. खालच्या नालीसाठी एखादा पाइप टाकला तर टाकला. दोन वर्षांत पाइप गाळाने भरतो, पण तो साफ करायला झाकण नसते. मग महापालिका रस्त्याचा नवा थर देते. रस्ता वर येतो आणि उताराचा कल उलटा, घराकडे होतो. पाणी अंगणात येऊ लागले की घरमालक उतार आणखी उंच करून घेतो. शेजाऱ्याचे अंगण आपोआप सखल ठरते. तोही तेच करतो. ज्याच्याकडे पैसा नाही, किंवा करून घेणारे कोणी नाही, त्याच्या दारात सगळ्या गल्लीचे पाणी जमते. पदपथाचे काय होते हे चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला विचारावे. रोड्स काँग्रेसची मानके म्हणतात की, पदपथ निदान १.८ मीटर मोकळा असावा आणि त्याची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. आमच्या गल्लीत सलग १.८ मीटर पदपथ एकाही घरापुढे नाही.

येथे माझा स्वतःचा वाटाही सांगितला पाहिजे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील एका नगरपालिकेवर मी काही महिने प्रशासक होतो. मार्चचा तिसरा आठवडा होता, निधी परत जाण्याची वेळ आली होती. अभियंत्यांनी सतरा गल्ल्यांच्या डांबरीकरणाचा प्रस्ताव ठेवला. त्यांतील एका कनिष्ठ अभियंत्याने टिपणीत लिहिले होते की, जुना थर खरवडून काढावा आणि गटारांची पातळी आधी तपासावी. त्यासाठी सहा आठवडे हवे होते. मी समासात 'पुढील वर्षी विचार करावा' असा शेरा मारून सही केली. पुढील वर्षी मी तेथे नव्हतो. माताजींनी पायऱ्यांचा प्रश्न विचारला, तेव्हा मला तो समासातला शेरा आठवला. दिल्लीला आल्यावर माझ्या घरापुढचा उतारही मी मलब्यावरच बांधून घेतला, हेही लपवण्यात अर्थ नाही.

सिमेंट, झाडे आणि ठोकळे

डांबर टिकत नाही म्हणून दिल्लीच्या गल्ल्यांत सिमेंट काँक्रीट आले. चांगल्या पायावर ते पुष्कळ वर्षे टिकते, यात शंका नाही. पण डांबर खरवडता येते, काँक्रीट सहजी निघत नाही. पातळी एकदा चुकली की पिढीभर चुकते. शिवाय भिंतीपासून भिंतीपर्यंत ओतल्यावर पाणी मुरायला जागा उरत नाही. झाडांच्या बुंध्यांभोवतीही ते ओतले गेले. अखेर एप्रिल २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. एका झाडापुरती एक मीटर माती मोकळी ठेवा, हे सांगण्यासाठी न्यायाधिकरणाला बसावे लागले.

याच्या उलट उदाहरणही दिल्लीतूनच देता येते. सीमा सडक संघटनेची स्थापना १९६० सालची, आणि तिचे मुख्यालय दिल्ली कॅन्टोन्मेंटात आहे. लडाख आणि हिमाचलच्या उंच खिंडींत तिला नेमके कॅनडासारखेच हवामान भोगावे लागते. तेथे काही खिंडींत डांबर दर हिवाळ्यात फुटते, म्हणून एकमेकांत अडकणारे काँक्रीटचे ठोकळे बसवले गेले. खालचा भाग उचलला वा खचला तर ठोकळे काढायचे, पाया नीट करायचा आणि तेच ठोकळे परत बसवायचे. पातळी वाढत नाही, साहित्य फुकट जात नाही. तेच ठोकळे दिल्लीच्या पदपथांवर आणि गल्ल्यांतही दिसतात, पण येथे ते बहुधा जुन्या काँक्रीटच्या वर बसवतात. खिंडीत जो दुरुस्तीचा उपाय आहे, तो गल्लीत आणखी आठ सेंटिमीटरचा थर ठरतो.

काय करता येईल

प्रशासनात नुसती हळहळ उपयोगाची नसते, म्हणून चार ठोस गोष्टी मांडतो.

१. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पातळीची खूण असलेला दगड असावा आणि रस्त्याची कमाल पातळी त्यावर कोरलेली असावी. पुढचा कोणताही थर त्या रेघेच्या वर जाता कामा नये. खर्च नगण्य आहे.

२. जुना थर खरवडल्याशिवाय नवा थर देयकास पात्र समजू नये. तमिळनाडूत २०२१ मध्ये मुख्य सचिवांनी असे निर्देश दिले होते. निर्देश पाळले जातात की नाही हे मोजमाप पुस्तिकेत काम सुरू होण्याआधीची आणि संपल्यानंतरची पातळी लिहिली तरच कळेल.

३. नालीवरचा उतार सरसकट बेकायदा ठरवून वर्षातून एकदा बुलडोझर फिरवण्याऐवजी महापालिकेनेच एक नमुना द्यावा : उंची फाटकाच्या आत सांभाळायची, नालीवर उचलता येणारी लोखंडी जाळी आणि पदपथ सलग. मग जो तो आपल्या मनाप्रमाणे मलबा ओतणार नाही.

४. आमदार वा नगरसेवक निधीतून रस्ता करायचा असेल तर त्याच कामात त्या गल्लीच्या नालीची साफसफाई आणि उतार यांचा समावेश सक्तीचा करावा.

नोएडा, गाझियाबाद, गुडगाव येथील प्राधिकरणे आणि कायदे वेगळे आहेत, पण पाणी तेच आहे. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनीही आपल्या सोसायटीच्या फाटकापाशी मोजपट्टी धरून पाहावी.

माताजींच्या प्रश्नाचे लेखी उत्तर मी त्यांना दिले नाही. ते त्यांच्या उपयोगाचे नव्हते. गल्लीतल्या नऊ घरांची सभा आमच्या ओट्यावर भरवली. माझा उतार मी आधी तोडला, मलबा काढून खाली खडी भरली, नालीवर जाळी बसवली आणि चढाव फाटकाच्या आत घेतला. त्यात गाडी ठेवण्याची जागा थोडी गेली. त्यानंतर आणखी चार घरांनी तसे केले. नालीतून निघालेला गाळ दोन ट्रॉल्या भरला. माताजींच्या पायऱ्या परत येणार नाहीत, कारण काँक्रीट तसेच आहे. पण २०२५ च्या पावसाळ्यात त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाणी आले नाही. बाकीच्या चार घरांशी अद्याप बोलणी चालू आहेत, आणि महापालिकेकडे केलेला पातळीच्या दगडाचा अर्ज अजून विचाराधीन आहे.